नौकाविहारासाठी भरून ठेवलेले मातीचे धरण : सांडवा, पाझर आणि एक मीटर पाणी

साक्री तालुक्यातील एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय प्रथम थोडक्यात मांडतो. वडिलांनी १९८८ च्या सुमारास शेतातील नाल्यावर सिंचनासाठी मातीचे धरण बांधले. नाल्याच्या तळापासून त्याची उंची ८ मीटर, लांबी १४० मीटर आणि साठा सुमारे १ लाख घनमीटर आहे. एका कडेला १२ मीटर रुंदीचा सांडवा असून त्याचा उंबरा, म्हणजे ज्यावरून जादा पाणी बाहेर पडू लागते ती कड, धरणमाथ्याच्या २ मीटर खाली आहे. चार वर्षांपासून तलावाचा उपयोग शेतीऐवजी नौकाविहारासाठी होतो, आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नाव चालावी म्हणून सांडव्यावर ६० सेंटीमीटर उंचीच्या फळ्या कायमच्या बसवल्या आहेत. गेल्या वर्षापासून विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, नळाजवळ पायथ्याला ओल दिसते आणि मे महिन्यातही तेथे गवत हिरवे आहे. नळाचा व्हॉल्व्ह गंजून बसला आहे, माथ्यावर भेगा आहेत, उतारावर कडुनिंब आणि गुलमोहर वाढले आहेत, आणि पार्किंगसाठी पायथ्याचा काही भाग जेसीबीने कापला आहे. ओल्या जागेवर काँक्रीट ओतावे आणि पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरावा, असे ठेकेदाराने सुचवले आहे. धरणाखाली सव्वा किलोमीटरवर वस्ती आणि शाळा आहे. या पावसाळ्यात धरण सुरक्षित आहे का, असा प्रश्न आहे.

उत्तर स्पष्ट द्यायला हवे. आज आहे त्या स्थितीत हे धरण भरू देऊ नये. मृग लागण्यापूर्वी सांडव्यावरील फळ्या काढाव्यात, ओल्या जागेवर सिमेंटचे एक घमेलेही टाकू नये, आणि सांडव्याचा उंबरा एक मीटरने खाली घ्यावा. तिसरी सूचना आपल्याला सर्वांत जड वाटेल, कारण तिच्यात पाणी कायमचे सोडावे लागते. परंतु या धरणाच्या बहुतेक दुखण्यांवर तोच एक उपाय एकाच वेळी लागू पडतो, असे माझे मत आहे, आणि ते का, हे पुढे आकड्यांनिशी सांगतो.

आपण लिहिले आहे की पस्तीस वर्षांहून अधिक काळ धरणाला काही झाले नाही, मग आताच ओल का यावी. याचे कारण धरणाच्या वयात शोधण्यापेक्षा त्याच्या बदललेल्या वापरात शोधावे. सिंचनाचे धरण ऑगस्ट-सप्टेंबरात भरते, रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या की उतरू लागते आणि मार्च-एप्रिलपर्यंत जवळजवळ रिकामे होते. त्यामुळे भराव दरवर्षी काही महिने निथळतो, पाण्याच्या बाजूचा उतार उघडा पडून त्यातील बिळे आणि निसटलेले दगड डोळ्यांना दिसतात, आणि व्हॉल्व्हही हंगामात अनेकदा फिरतो. नौकाविहाराच्या तलावात हे सगळे थांबते. पाणी कायम वरच्या पातळीला राहते, आणि भरावाच्या आत जी पाझररेषा असते, म्हणजे जिच्याखाली माती पूर्ण संपृक्त असते ती रेषा, हळूहळू वर चढत खालच्या उताराकडे सरकते. काळ्या मातीच्या गाभ्यातून ही रेषा स्थिरावण्यास महिने, क्वचित वर्षे लागतात. म्हणून तीस वर्षे कोरडा राहिलेला पायथा पाणी कायम ठेवू लागल्यानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी ओला होणे हे अपेक्षित वर्तन आहे. त्यात ६० सेंटीमीटरच्या फळ्यांनी अशा थरांवर पाणी उभे केले, ज्यांनी पूर्वी ते पुराच्या काही तासांपुरतेच पाहिले होते. भरावाचा तो वरचा भाग बांधतानाही कमी काळजीने दाबलेला असतो, कारण काम संपत आलेले असते आणि पावसाळा तोंडावर असतो.

आता सांडव्याकडे येतो. मातीच्या धरणावरून पाणी गेले की धरण जाते, हे एक वाक्य इतर सर्व बाबींच्या आधी मनात ठेवावे. आपल्याकडे पांझरा नदीवर पूर्वापार पक्के बंधारे आहेत, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपल्यावर फळ्या टाकून पाणी अडवण्याची पद्धत सर्वांना परिचित आहे. आपल्या फळ्यांची कल्पना बहुधा तेथूनच आली असावी. परंतु दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहणे हे त्याचे रोजचे काम आहे, शिवाय त्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढल्या जातात. मातीच्या भरावाला मात्र माथ्यावरून जाणारे हातभर पाणीही थोड्या वेळात खोल घळ पाडते, आणि एकदा घळ पडली की साठा स्वतःच ती रुंद करत जातो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरणाचे मातीचे बाजूचे भराव पुराचे पाणी वरून गेल्यानेच वाहून गेले आणि खाली मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. ते धरण आपल्या धरणापेक्षा कितीतरी मोठे होते, पण माती वाहून जाण्याची प्रक्रिया तीच असते.

सांडव्याचा विसर्ग ढोबळमानाने असा काढतात: उंबऱ्यावरील पाण्याच्या उंचीचा दीड घात घ्यायचा, त्याला सांडव्याच्या रुंदीने आणि १.७ या गुणकाने गुणायचे. आपल्या १२ मीटर रुंदीच्या सांडव्यावर १ मीटर पाणी चढले, तर सेकंदाला सुमारे २० घनमीटर पाणी बाहेर पडते आणि माथा अजून १ मीटर वर राहतो. फळ्या बसवल्यानंतर त्याच पूरपातळीला उंबऱ्यावर उंची उरते फक्त ४० सेंटीमीटर, आणि विसर्ग उरतो जेमतेम ५ घनमीटर. म्हणजे सांडव्याची रुंदी तीच दिसत असली, तरी तीन चतुर्थांश सांडवा बंद झालेला आहे. अगदी धरणमाथ्यापर्यंत काठोकाठ पाणी चढू दिले, तरी फळ्यांसह विसर्ग सुमारे ३४ घनमीटरच्या पुढे जात नाही.

पाणी येणार किती, हा दुसरा प्रश्न. आपण पाणलोट सुमारे २ चौरस किलोमीटर सांगितला आहे. तासाला ६० मिलिमीटर तीव्रतेचा पाऊस धरला आणि त्यातील साठ टक्के वाहून येतो असे मानले, तर पूर २० घनमीटर प्रति सेकंद निघतो. तीव्रता ८० मिलिमीटर धरली तर २७ च्या जवळ. पुराचा अंदाज काढण्याच्या इंग्लिसच्या सूत्राने मात्र हाच आकडा ७० पर्यंत जातो. ते सूत्र सह्याद्रीच्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून बसवलेले असल्यामुळे पूर्व खानदेशच्या सपाट भागात ते फार कडक ठरते. परंतु साक्रीचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या उताराला लागून आहे आणि आपला नालाही तीव्र उताराचा आहे, म्हणून येथे ते बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. खानदेश पर्जन्यछायेत येतो, सरासरी पाऊस कमी, म्हणून पूरही लहान, असा समज फार पसरलेला आहे. वर्षाची सरासरी आणि एका रात्रीची तीव्रता यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगाव परिसरात एका रात्रीच्या पावसाने तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर अजून लोकांच्या स्मरणात आहे. शिवाय २ चौरस किलोमीटरच्या डोंगरी पाणलोटातील पाणी अर्ध्या-पाऊण तासात तलावात पोहोचते. पूर आला तर फळ्या काढू, असे आपण लिहिले आहे. अंधारात, मुसळधार पावसात, पाण्याच्या दाबाने खाचेत घट्ट बसलेल्या फळ्या तेवढ्या वेळात काढणे शक्य होत नाही, आणि तसा प्रयत्न करणारा माणूस पाण्यासोबत जाण्याचा धोका असतो. हे काम कोणत्याही कामगाराला कधीही सांगू नये.

म्हणून माझी सूचना अशी. सध्या पाणी मूळ उंबऱ्याच्या मीटरभर खाली आहे, असे आपण कळवले आहे. याच काळात फळ्या आणि त्यांच्या खाचा दोन्ही काढून टाकाव्यात, म्हणजे पुढे कोणाला मोह होणार नाही. त्यानंतर उंबरा पूर्ण रुंदीत १ मीटरने खाली घ्यावा आणि डोंगराच्या बाजूने सांडवा ३ मीटरने रुंद करावा. असे केल्यास पूर्वीच्याच पूरपातळीला, म्हणजे माथा १ मीटर मोकळा ठेवून, उंबऱ्यावर २ मीटर पाणी मिळते आणि विसर्ग होतो सुमारे ७२ घनमीटर. आज जो सांडवा सौम्य अंदाजालाही अपुरा आहे, तो सर्वांत कडक अंदाजाला पुरेसा ठरतो. त्याच वेळी भरावावर कायम उभे राहणारे पाणी आजच्या तुलनेत १ मीटर ६० सेंटीमीटरने उतरते, त्यामुळे पाझररेषा खाली येते आणि पायथ्यावरील दाब कमी होतो. तलावात पावसाळ्याअखेर अजूनही ५ मीटर खोली उरते, जी नाव चालवण्यास भरपूर आहे. हंगाम आखाजीऐवजी होळीला संपेल, एवढी किंमत त्यासाठी मोजावी लागेल.

हे काम करताना काही पथ्ये आहेत. सांडव्याच्या तळाशी काळा पाषाण लागत असेल, तर तो ब्रेकरने फोडावा. धरणाजवळ सुरुंग लावू नये, कारण त्या हादऱ्याने भरावात आणि पायाच्या खडकात नव्या भेगा पडतात. तळ मुरुमाचा निघाला, तर उंबऱ्याला खडकापर्यंत नेलेली काँक्रीटची भिंत आणि पुढे दगडी फरसबंदी लागेल, नाहीतर पुराचे पाणी मुरूम उकरत मागे येईल आणि सांडवाच तलाव रिकामा करील. खोदकामाचा राडारोडा सांडव्याच्या तोंडाशी किंवा पुच्छ वाहिनीत, म्हणजे सांडव्याचे पाणी पुढे नेणाऱ्या चरात, टाकू नये, आणि वाहिनीचे पाणी धरणाच्या पायथ्याकडे वळत नाही याची खात्री करावी. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर लावलेली जाळीही काढावी, कारण तिच्यात पाला आणि काटक्या अडकल्या की तीही फळीचेच काम करते.

आता ओल्या जागेविषयी. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी पाझरतेच, आणि केवळ ओल पाहून घाबरून जाण्याचे कारण नसते. पाहायचे असते ते तीन गोष्टींकडे: पाणी स्वच्छ आहे की गढूळ, त्याचे प्रमाण वाढते आहे की स्थिर आहे, आणि ते कोठून निघते. पाणी गढूळ असेल, तर ते भरावातील माती सोबत घेऊन येत आहे. पायथ्यापासून सुरू झालेली ही झीज मागे मागे सरकत तलावापर्यंत पोहोचली, की तेथे पोकळ नळी तयार होते. अभियंते तिला पायपिंग म्हणतात. हा प्रकार आत कित्येक महिने शांतपणे चालू राहतो आणि शेवटचा टप्पा मात्र काही तासांत संपतो. आपली ओल नळाजवळ आहे, ही गोष्ट मला विशेष चिंतेची वाटते. लहान धरणांत नळाच्या कडेची माती दाबणे सर्वांत अवघड असते, कारण तेथे रोलर जात नाही. नळाचे सांधे पुढे निखळतात आणि माती नळातून किंवा नळाच्या बाहेरच्या अंगाने वाहू लागते. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या दुर्घटनेतही विमोचकाच्या अपुऱ्या राहिलेल्या बांधकामावरील भराव खचत गेला आणि मग पाणी माथ्यावरून गेले.

ओल्या जागेच्या खालच्या अंगाला एक लहान चर घेऊन सर्व पाणी एका पाइपच्या तुकड्यातून पडेल अशी व्यवस्था करावी. ही चर उतारात खणू नये, पायथ्यापासून दोन-तीन मीटर पुढे सपाट जमिनीवर घ्यावी. दररोज एकाच वेळी १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे, आणि शेजारी तलावाची त्या दिवशीची पातळी लिहावी. बादली २० सेकंदांत भरत असेल तर पाझर मिनिटाला ४५ लिटर आहे. सोबत पारदर्शक बाटलीत नमुना भरून रात्रभर स्थिर ठेवावा आणि तळाला गाळ बसतो का ते पाहावे. बाटल्यांवर तारखा घालून त्या एका फळीवर ओळीने ठेवल्या, तर बदल नुसत्या नजरेनेही कळतो. तलाव उतरवत असताना ही नोंद फार मोलाची ठरते. पातळी एका विशिष्ट उंचीखाली गेल्यावर पाझर एकदम थांबला, तर पाण्याच्या शिरण्याची जागा त्याच उंचीवर आहे असे समजावे. तलाव रिकामा होत आला तरी पाझर तसाच चालू राहिला, तर पाणी भरावातून येत नसून पायाच्या खडकातून किंवा शेजारच्या डोंगरातून येत असण्याची शक्यता अधिक. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बेसॉल्टमध्ये उभ्या भिंतींसारखे डाइक जागोजागी आहेत, आणि डाइकच्या कडेच्या भेगाळ खडकातून पाणी दूरवर जाते. नाल्याच्या काठावर अशी काळ्या दगडांची सरळ रांग दिसत असेल, तर तिचीही नोंद पाहणीस येणाऱ्या अभियंत्यासाठी करून ठेवावी.

काँक्रीटला माझा इतका ठाम विरोध का आहे, ते सांगतो. पाणी निघण्याची जागा बंद केली म्हणून पाणी थांबत नाही. ते मागे तुंबते, भरावातील दाब वाढतो, पाझररेषा चढते, आणि पाणी काँक्रीटच्या कडेने किंवा त्याहून वरच्या उतारातून नवी वाट काढते. तेथून ते माती घेऊन निघते, आणि काँक्रीटच्या आवरणामुळे आपल्याला दिसतही नाही. योग्य उपाय याच्या नेमका उलट आहे, तो म्हणजे पाण्याला बाहेर येऊ देणे आणि मातीला अडवणे. त्यासाठी ओल्या जागेवर प्रथम स्वच्छ धुतलेल्या नदीच्या वाळूचा, त्यावर बारीक खडीचा, त्यावर मोठ्या खडीचा आणि सर्वांत वर दगडांचा थर देतात. वाळूत मातीचा बारीक अंश पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, अन्यथा तो थर स्वतःच चिकटून बंद पडतो. क्रशरची धूळमिश्रित वाळू येथे चालत नाही. नळाच्या बाबतीत पायथ्याकडील शेवटच्या एक तृतीयांश लांबीत, त्याच्या सर्व बाजूंनी वाळूचा गाळणपडदा बसवणे हा आजचा मान्य उपाय आहे. ते काम तलाव उतरवल्यानंतर आणि अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे, कारण त्यासाठी पायथा उघडावा लागतो.

व्हॉल्व्ह हा नळाशी जोडलेला विषय आहे. बंद पडलेला व्हॉल्व्ह म्हणजे संकटात तलाव उतरवण्याचे साधन हातात नसणे. तो जोर लावून फिरवू नये. स्पिंडल तुटला आणि झडप अर्धवट उघडी अडकली, तर जुन्या नळातून अनियंत्रित पाणी सुटेल. त्यापेक्षा १५ सेंटीमीटर व्यासाचे दोन एचडीपीई पाइप माथ्यावरून टाकून सायफन करावा. आपल्या तलावाच्या आकारमानात त्याने दिवसाला सुमारे १५ ते २० सेंटीमीटर पाणी उतरेल. पाइपाची तोंडे पायथ्यापासून दूर, नाल्याच्या खडकाळ भागात सोडावीत. याहून घाई करू नये. काळ्या मातीचा उतार पाणी शोषून जड झालेला असतो. बाहेरचे पाणी झपाट्याने काढून घेतले तर आतले पाणी तेवढ्या वेगाने निथळत नाही आणि पाण्याच्या बाजूचा उतार पिचिंगसह, म्हणजे त्यावरील दगडी अस्तरासह, घसरतो. तलाव स्वच्छ करण्यासाठी चार-पाच मोठे पंप लावून आठवड्यात रिकामा करण्याची प्रथा पर्यटन केंद्रांत रूढ होत आहे, ती या कारणाने घातक आहे. या वर्षी पावसाळाभर सायफन जागेवर ठेवावा आणि नळाची दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात हाती घ्यावी.

भेगांचे दोन प्रकार वेगळे करावेत. माथ्यावर लांबीच्या दिशेने धावणाऱ्या बारीक भेगा बहुधा काळ्या मातीच्या आकुंचनाच्या असतात. तरीही त्या एका बाजूला कमानीसारख्या वळत असतील आणि त्यांच्या खालची बाजू किंचित खचलेली दिसत असेल, तर ती घसरणीची सुरुवात समजावी. धरणाला आडव्या जाणाऱ्या, म्हणजे तलावाकडून पायथ्याकडे जाणाऱ्या भेगा अधिक गंभीर, कारण पाणी चढले की त्यांना थेट वाट मिळते. भेग किती खोल आहे हे कळण्यासाठी तिच्यात पाण्यात कालवलेला पातळ चुना ओतावा आणि मग शेजारून काळजीपूर्वक खणावे. पांढरी रेघ जेथे संपते तेथे भेग संपते. त्याच्या खाली आणखी ३० सेंटीमीटर खणून, ओलसर केलेली माती १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुमस करून भरावी. नुसती सिमेंटची राबडी ओतल्यास भेगेत एक कडक पाचर बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात माती आकसली की तिच्या दोन्ही कडांनी नव्या भेगा उघडतात. काळी माती उन्हात उघडी राहू नये म्हणून माथ्यावर ३० सेंटीमीटर मुरुमाचा थर द्यावा आणि त्याला तलावाकडे हलका उतार ठेवावा. माथ्यावरील फुलझाडांचे वाफे आणि त्यांचे ठिबक मात्र हलवावेत. ठिबकमुळे भेगा झाकल्या जातात आणि पायथ्याची ओल तलावाची आहे की बागेची हे सांगता येत नाही.

मातीविषयी एक साधी परीक्षा आपण स्वतः करू शकता. भरावातील मातीचा बोराएवढा खडा, न वाळवता, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरच्या पेल्यात अलगद सोडावा आणि न हलवता तासभर पाहावे. खडा नुसता ढासळला तर चिंता नाही. परंतु त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला, तर ती माती पाण्यात विरणारी आहे आणि लहानशा भेगेतूनही वेगाने झिजेल. तसे आढळले तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मृदा प्रयोगशाळेतून रीतसर चाचणी करून घ्यावी, आणि वर सांगितलेली सर्व कामे अधिक तातडीची समजावीत.

झाडांविषयी निर्णय घेताना मनाला त्रास होतो, विशेषतः पाहुणे ज्या निंबाच्या सावलीत बसतात त्याच्या बाबतीत. तरीही धरणाच्या उतारावर मोठे झाड नको. मुळे ओलाव्याच्या शोधात भरावात खोल जातात, वादळात झाड उन्मळले तर त्याच्यासोबत भरावाचा मोठा लचका निघतो, आणि झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ वाटा उरतात. म्हणूनच मोठे झाड नुसते कापून बुंधा तसाच ठेवणे हे न कापण्यापेक्षा वाईट. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची झाडे आणि बाभळीची, घाणेरीची झुडपे या मे महिन्यातच मुळासकट काढावीत. मोठे निंब आणि गुलमोहर तलाव उतरलेला असताना, पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, बुंधा आणि मुख्य मुळांसह काढून खड्डे थरांनी दाबून भरावेत, आणि त्यासाठी लागणारी परवानगी आत्ताच मागावी. नवी सावली पायथ्यापासून १० मीटर दूर लावावी. उतारावर हरळी पसरू द्यावी. ती मातीला धरून ठेवते आणि कापून आखूड राखली की बिळे, ओल आणि खचलेली जागा लगेच दिसते.

पार्किंगसाठी पायथा कापणे ही गोष्ट आपण प्रश्नात ओझरती लिहिली आहे, परंतु माझ्या दृष्टीने फळ्यांनंतरचा हा सर्वांत मोठा दोष आहे. पायथ्याची माती वरच्या उताराला टेकू देते आणि पाझराची वाट लांब ठेवते. ती कापल्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमी झाल्या, आणि ओल दिसू लागण्याचा काळही तोच आहे. कापलेला भाग या पावसाळ्यापूर्वी भरून काढावा, पण त्यावर थेट माती टाकू नये. आधी वाळूचा आणि खडीचा गाळणथर, आणि त्यावर मुरूम व दगडांचा भार, असा क्रम ठेवावा. पायथ्यालगत शौचालयाचा शोषखड्डा असेल तर तोही हलवावा.

प्लास्टिकच्या कागदाची गरज नाही. शेततळ्यासाठी तो योग्य आहे. धरणाच्या उतारावर, पिचिंगच्या दगडांवर, तो फाटतो, त्याच्या मागे पाणी अडकते आणि तलाव उतरताना तो फुगून निसटतो. तोच पैसा पाण्याच्या रेषेवरील पिचिंग नीट करण्यात घालावा. पातळी स्थिर असल्याने लाटा एकाच रेषेवर माती खातात, आणि मोटारबोट असेल तर हे दुप्पट वेगाने होते. बोटीला धरणापासून ३० मीटर अंतरावर तरंगत्या दोरखंडाची सीमा घालावी. नळाच्या तोंडाजवळ कोणालाही पोहू देऊ नये.

राहिली खालची वस्ती. १ लाख घनमीटर म्हणजे १० कोटी लिटर पाणी. असे धरण भरलेले असताना फुटले, तर प्रचलित अनुभवसिद्ध सूत्रांनुसार सर्वोच्च प्रवाह सेकंदाला २०० घनमीटरच्या घरात जातो, आणि सव्वा किलोमीटर अंतर तो पाव तासाच्या आत कापतो. एवढ्या वेळात तहसील कार्यालयातून सूचना येऊन लोक हलणे अशक्य आहे. म्हणून सूचना आपल्याकडूनच थेट वस्तीवर गेली पाहिजे. वस्तीतील दोन-तीन घरांचे, पोलीस पाटलांचे आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचे क्रमांक रात्रपाळीच्या माणसाजवळ लिहिलेले असावेत, आणि कोणत्या उंचवट्यावर जायचे हे लोकांसोबत चालत जाऊन आधी ठरवावे. पायथ्याचे पाणी गढूळ होणे, पाझर एका दिवसात दुपटीने वाढणे, माथ्यावर खड्डा पडणे, तलावात भोवरा दिसणे किंवा उतार फुगणे यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर आधी वस्तीला कळवावे आणि त्यानंतर तहसीलदार व जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला. खात्री करून घेण्यात वेळ घालवू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, त्यापूर्वी गळती होत असल्याचे गावकरी सांगत होते. नंतर धरण खेकड्यांनी पोखरले का, यावर बरीच चर्चा झाली. खेकडे आणि घुशी बिळे करतात हे खरे आहे, म्हणूनच दर पंधरवड्याला उतार पायी फिरून बिळे पाहायची असतात.

कायद्याविषयीही आपण विचारले आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि लांबी, साठा, पूर किंवा पाया यांविषयीच्या ठरावीक अटी लागू होत असतील तर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. आपले धरण त्यात बसत नाही. याचा अर्थ वेळोवेळी येऊन तपासणी करणारे कोणी नाही आणि संपूर्ण जबाबदारी मालक म्हणून आपल्यावर आहे. लहान मातीच्या धरणांच्या संकल्पनासाठी भारतीय मानक १२१६९ आणि सांडव्याच्या क्षमतेसाठी ११२२३ उपलब्ध आहेत. जलसंपदा किंवा जलसंधारण विभागातून निवृत्त झालेला, मातीच्या धरणांवर प्रत्यक्ष काम केलेला अभियंता गाठून या मानकांनुसार पाहणी अहवाल लेखी घ्यावा. रस्ते आणि इमारतींचा अनुभव येथे पुरत नाही.

अभियंता येईपर्यंत आपण एक काम स्वतः करून ठेवावे. लेव्हल यंत्राने माथ्याची पातळी दर ५ मीटरवर घ्यावी आणि सांडव्याच्या उंबऱ्याशी तिची तुलना करावी. या उत्तरातील सर्व गणित माथा उंबऱ्यापेक्षा २ मीटर उंच आहे असे धरून केले आहे, परंतु पस्तीस वर्षांत नाल्यावरचा भराव सर्वांत अधिक बसलेला असणार, आणि पुराचे पाणी सर्वांत आधी त्याच सखल जागेवरून जाईल. तेथे माथा ३० सेंटीमीटर जरी खाली निघाला, तरी सांडव्याचे काम होईपर्यंत तलाव आजच्या पातळीच्याही खाली ठेवावा, आणि या पावसाळ्यात सायफन एकही दिवस बंद करू नये.